डिलन सुपर स्वेज ६००: काम चोख, पण पुंगळ्या आधी निवडून घ्या

डिलन सुपर स्वेज ६०० हे काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांमधला क्रिंप काढणारं यंत्र. अमेरिकेतल्या नेमबाजीच्या रेंजवर मिळणाऱ्या लेक सिटी कारखान्याच्या ५.५६ मिमी पुंगळ्या रीलोडिंगला, म्हणजे पुन्हा भरायला, उत्तम. अडचण एकच, क्रिंप. ऑटोमॅटिक बंदुकीत प्राइमर (पुंगळीच्या तळातली ठिणगी देणारी टोपी) मागे सरकून यंत्रणा अडकू नये म्हणून कारखान्यात प्राइमरभोवतीचं पितळ आत दाबतात. जुना प्राइमर निघतो, पण ती कड जागेवरच राहते. तिच्यावर नवा प्राइमर रेटला की तो तिरका होतो नाहीतर चेपतो. जोर लावून बसवणं धोक्याचं आहे, प्राइमर फुटू शकतो.

रीमर हे हत्यार ही कड कापतं, तर सुपर स्वेज ती दाबून परत बाजूला सारतो. पितळ कापलं जात नसल्याने पॉकेट, म्हणजे प्राइमर बसायचा खळगा, जास्त खोदलं जायची भीती नाही, आणि त्याच्या तोंडाला छान गोलाई येते. रीलोडिंगच्या प्रेसवर बसणाऱ्या स्वस्त स्वेजरपेक्षा हे बाकाला बोल्ट करायचं यंत्र सरस वाटतं ते आतल्या आधाराच्या दांड्यामुळे. पुंगळी त्या दांड्यावर घालायची, दांडा खाली वळवायचा, हँडल ओढायचं. आतून आधार असल्याने स्वेजचं टोक सरळ पॉकेटमध्ये शिरतं आणि पुंगळीची रिम वाकत नाही. लहान आणि मोठ्या प्राइमरसाठी वेगवेगळे स्वेज दांडे सोबत येतात.

खरी मेख आहे ती आधाराच्या दांड्याच्या जुळवणीत. लॉक नट सैल करून दांडा मागे घ्या, एक पुंगळी चढवा, मग हळूहळू पुढे आणत शेवटी हँडलला घट्ट पण सोसवेल असा जोर लागेल तिथे नट आवळा. दांडा फार मागे राहिला तर क्रिंप शिल्लक राहतो. फार पुढे आला तर पॉकेट सैल होतं आणि प्राइमर धरून राहत नाही.

पुंगळीच्या तळाची जाडी मात्र प्रत्येक कारखान्याची वेगळी. लेक सिटीवर केलेली जुळवणी दुसऱ्या शिक्क्याच्या पुंगळीला कमी तरी पडते, नाहीतर जास्त तरी होते. म्हणून हेडस्टँप, म्हणजे तळावरचा शिक्का, पाहून ढीग वेगळे करणं टाळू नका, आणि ढीग बदलला की जुळवणी पुन्हा तपासा. यंत्रावर येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. तोंड चेपलेली पुंगळीही दांड्यावर चढत नाही. आधी पुंगळी साइझ (मूळ मापाला आणणं) आणि डीकॅप (जुना प्राइमर काढणं) करून घ्या.

लहान रायफल प्राइमर साधारण ०.१७५ इंच व्यासाचा, पॉकेट त्याहून किंचित लहान, म्हणून प्राइमर बसताना थोडा विरोध जाणवलाच पाहिजे. अजिबात जाणवला नाही तर पुंगळी बाद करा. प्रत्येक ढिगातल्या पहिल्या पाचदहा पुंगळ्या गो/नो-गो गेजने (पॉकेटचं माप योग्य आहे का ते दाखवणाऱ्या साधनाने) तपासा. बसलेल्या प्राइमरवरून बोट फिरवा: तो तळापासून किंचित आत हवा. वर राहिलेला प्राइमर एआर-१५ किंवा एम१ गॅरंडसारख्या सैल फायरिंग पिनच्या (प्राइमरवर आदळणाऱ्या सुईच्या) रायफलीत बोल्ट बंद होतानाच पेटू शकतो.

महिन्याकाठी शंभरेक पुंगळ्या असतील तर हातातला रीमर पुरतो. हजारांत काम असेल तर मनगटाला आराम देणारं हेच यंत्र घ्या. भारतात मात्र काडतुसं तयार करायला १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.