गॅस फायरप्लेस: संपूर्ण हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

थंडी ओसरली आहे आणि बैठकीच्या खोलीतली गॅस फायरप्लेस आता रोज पेटत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले. आधी निकाल सांगते. घेतल्याचं समाधान आहे. ऊब भरपूर मिळते. लाकडाचा धूर नाही, राख नाही. पण विकताना तिचं वर्णन ‘बटण दाबा आणि निर्धास्त व्हा’ असं केलं जातं, ते मला पटत नाही. घरात गॅस जळतो आहे, त्याच्याकडे लक्ष हवंच. मात्र ज्योतीकडे नीट बघायची सवय लागली की बाकीची काळजी बरीच सोपी होते.

आमची डायरेक्ट व्हेंट प्रकारची आहे. समोर हवाबंद बसवलेली काच आणि भिंतीतून बाहेर गेलेली नळीत नळी. बाहेरच्या नळीतून हवा आत येते, आतल्या नळीतून जळलेले वायू बाहेर जातात, त्यामुळे ज्योत खोलीतली हवा वापरत नाही. व्हेंट नसलेल्याही फायरप्लेस मिळतात. त्या खोलीतलाच ऑक्सिजन घेतात आणि वाफेसकट सगळं खोलीतच सोडतात. ऑक्सिजन साधारण १८ टक्क्यांवर उतरला की आपोआप बंद होण्याची सोय त्यांत असते. तरी झोपायच्या खोलीत मी ती ठेवणार नाही. काही ठिकाणी तर अशी फायरप्लेस बसवायला परवानगीच नाही.

सुरुवातीचे काही तास रंगाचा आणि तेलकट असा उग्र वास येतो. कारखान्यातला लेप तापून पक्का होत असतो. त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि लहान मुलं, पाळीव प्राणी यांना दुसऱ्या खोलीत ठेवावं. पेटवल्यावर सुरुवातीला काचेवर दव जमतं, तेही काळजीचं नाही. काच तापली की जातं.

आता पायलटबद्दल, कारण सगळी सुरक्षितता तिथे आहे. आमच्या फायरप्लेसमध्ये पायलट नावाची एक छोटी ज्योत सतत जळते. तिच्यात थर्मोपाइल नावाच्या दांडीचं टोक तापतं आणि त्या उष्णतेतून जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट वीज तयार होते. तेवढ्या विजेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत विझली की टोक थंड होतं, वीज थांबते आणि व्हॉल्व्ह मिटतो. यामुळे घरातली वीज गेली तरी आमची फायरप्लेस चालते, फक्त ऊब खोलीत ढकलणारा तिचा पंखा बंद पडतो. ऐन थंडीत हा मोठा आधार वाटला. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या फायरप्लेसमध्ये पायलट गरजेपुरताच पेटतो, त्यामुळे गॅस वाचतो. पण वीज गेल्यावर त्या बॅटरीवर चालतात का, हे घेण्यापूर्वी विचारा.

विझलेला पायलट पुन्हा पेटवताना घाई करू नये. नॉब ‘बंद’वर आणून किमान ५ मिनिटं थांबायचं, म्हणजे आत साठलेला गॅस निघून जातो. मग वास घ्यायचा, आणि तोही जमिनीलगत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो. (नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, तो वर चढतो.) वास नसेल तरच नॉब ‘पायलट’वर न्यायचा, दाबून धरायचा, ठिणगी द्यायची आणि ज्योत लागल्यावरही अर्धा ते एक मिनिट नॉब दाबलेलाच ठेवायचा. टोक तापायला तेवढा वेळ लागतो. दोन-तीन प्रयत्नांत पायलट टिकला नाही, तर नॉब बंद करून तंत्रज्ञाला बोलवावं. कुणी तार जोडून हा सेन्सर, म्हणजे थर्मोपाइल, वगळून देतो म्हणाला, तर त्याला हातही लावू देऊ नका. गॅस कोंडण्यापासून वाचवणारी मुख्य गोष्ट तीच आहे.

मुख्य ज्योत पेटल्यावर आधी निळसर दिसते आणि पंधरा-वीस मिनिटांत पिवळी, मऊ होते. हे बरोबर. पण ती काजळी सोडू लागली, बर्नरवरून उचलली जाऊ लागली, किंवा एका कडेने पेटून दुसरीकडे उशिरा ‘भप्प’ आवाज करत पसरली, तर बंद करायची. हिवाळ्याच्या मध्यावर आमच्याकडे उजवीकडची ज्योत लांबुडकी, मंद पिवळी झाली आणि त्या बाजूच्या नकली ओंडक्यावर काळं दिसू लागलं. त्याच संध्याकाळी बंद केली. तंत्रज्ञाने बर्नर काढला, तर हवा शिरण्याच्या छिद्राशी कोळ्याचं जाळं होतं. गॅसला दिलेल्या वासाकडे काही कोळी ओढले जातात, हे मला तेव्हा कळलं. शिवाय बसवणाऱ्यांनी एक ओंडका खुणेवरून सरकवून ठेवला होता, त्यामुळे ज्योत त्याला थेट चाटत होती. ओंडक्यांची मांडणी निव्वळ सजावट नव्हे. ज्योत कुठेही अडली की जळण अर्धवट होतं, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. आत खडे, शोभेच्या वस्तू किंवा खरं लाकूड तर अजिबात नको.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ ही लक्षणं साध्या तापासारखी वाटतात. घरातल्या सगळ्यांना एकदम तसं होत असेल आणि बाहेर पडल्यावर बरं वाटत असेल, तर संशय घ्यायलाच हवा. या वायूचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ लावा, दर महिन्याला त्याचं चाचणीचं बटण दाबा आणि त्यावर छापलेली मुदत पाहा. अलार्मचा सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो, बॅटरी नवी असली तरी.

काचेबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ती २०० अंश सेल्सियसच्या वर तापू शकते आणि फायरप्लेस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. ज्योत दिसत नाही म्हणून मूल बिनधास्त हात टेकवतं, आणि धोका तिथेच आहे. काचेपुढची जाळी आम्ही कधीच काढत नाही. दिसायला ती थोडी आड येते, पण घरात रांगणारं मूल असताना मला त्यात तडजोड करावीशी वाटली नाही. रिमोटलाही मुलांसाठीचं कुलूप लावून ठेवलं आहे. पडदे, गालिचा, वाळत घातलेले कपडे या सगळ्यापासून मी समोर मीटरभर तरी अंतर राखते.

काचेवर हळूहळू पांढुरका थर येतो. वेळेवर पुसला नाही तर काचेत कायमचा बसतो. काच पूर्ण थंड झाल्यावरच, फायरप्लेसच्या काचेसाठी मिळणाऱ्या द्रावणाने आणि मऊ फडक्याने पुसावी. अमोनिया असलेला नेहमीचा फवारा चालत नाही. पुसताना कडेची सीलची पट्टी तुटकी नाही ना, तेही पाहावं. काच स्प्रिंगच्या पकडीवर बसवलेली असते, कारण पेटताना आत अचानक दाब वाढला तर ती किंचित सैल होऊन दाब सोडते. त्यामुळे तिला वरून जादा स्क्रू मारू नयेत, आणि काच काढलेली असताना फायरप्लेस पेटवू नये.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. पंख्याचा आवाज रात्री जाणवतो. आतली धूळ काढल्यावर तो बराच कमी झाला. ऊब याच खोलीत राहते, अख्खं घर गरम होत नाही. वरच्या भिंतीवर टीव्ही लावायचा बेत सोडून दिला, कारण भिंत चांगलीच तापते.

बाहेरचं नळीचं तोंड मी अधूनमधून बघते. पाला, घरटं, बर्फ, वाढलेलं झुडूप यांतलं काहीही त्याला तुंबवू शकतं. गॅसचा वास आलाच तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, काही पेटवायचं नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि फोन बाहेरूनच करायचा. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कसा फिरवायचा, हे घरातल्या प्रत्येकाला मी प्रत्यक्ष दाखवून ठेवलं आहे.

आता उन्हाळ्यासाठी पायलट बंद केला आहे. काही जण आतली ओल आणि कोळी दूर राहावेत म्हणून तो चालूच ठेवतात, पण मला गॅस विनाकारण जाळायचा नाही. त्याऐवजी पुढची थंडी सुरू होण्याआधीच तंत्रज्ञाची वेळ घेईन आणि बर्नर, पायलट, सील, नळी आणि गॅसचा दाब त्याच्याकडून तपासून घेईन. जोडांवर साबणाचं पाणी लावून गळतीही माझ्यासमोरच बघायला सांगणार आहे.