रडार डिटेक्टर, मियाटा आणि आरशामागच्या तीन वायरी

रिव्हर्स टाकला की डिटेक्टर चालू, पहिला टाकला की बंद. दीडशे डॉलर मजुरी मोजून दुकानातून गाडी बाहेर काढली तेव्हा पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारच्या लहरी पकडून बीप देणाऱ्या माझ्या या यंत्राला हे फीचर मिळालं. मागे जाताना स्पीडिंगचं तिकीट मिळालेला माणूस न्यू जर्सीत मी तरी अजून पाहिलेला नाही. आता बरेच महिने वापरून झाले म्हणून सविस्तर लिहितोय. डिटेक्टर कुठला घ्यावा यावर ढिगाने व्हिडिओ आहेत, पण त्याला करंट कुठून द्यायचा आणि तो टांगायचा कुठे यावर कोणी धड बोलत नाही, आणि दोन सीटच्या छोट्या गाडीत खरी डोकेदुखी तीच आहे.

गाडी माझदा मियाटा, एनडी म्हणजे चौथी पिढी, ग्रँड टूरिंग, मॅन्युअल. डिटेक्टर पुढे-मागे अँटेना असलेला, सिग्नल कुठून येतोय ते बाणाने दाखवणारा. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं भांडण त्याच्याशी नाहीच, वायरशी आहे. बँड (रडारच्या लहरींचा पट्टा), रेंज वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

सुरुवातीला अर्थातच फुकटचा मार्ग, म्हणजे बॉक्समध्ये आलेली गुंडाळीची वायर आणि 12 व्होल्टचं सॉकेट. आता या गाडीत ते सॉकेट कुठे आहे, तर पॅसेंजरच्या पायाशी, डॅशच्या खाली, पार आत. मान वाकडी करून हाताने चाचपायचं. डॅशमध्ये ग्लव्हबॉक्सही नाही, तो दोन सीटच्या मध्ये मागच्या बाजूला, त्यामुळे वायर लपवायला जागाच नाही. ती पायापासून वर काचेपर्यंत आडवी-तिडवी जाणार आणि बायको बसायला लागली की आधी पर्स अडकणार, मग पाय, मग डिटेक्टर काचेवरून निघून तिच्या मांडीवर. दोन-तीनदा झाल्यावर तिने सांगितलं की एकतर हे यंत्र बसेल नाहीतर मी.

मग वाचनात आलं की ऑटो-डिमिंग आरसा (मागच्या हेडलाइटच्या उजेडात आपोआप काळा होणारा) असेल तर आरशामागच्या वायरीतूनच करंट घ्यायचा. एक हातभर वायर, एका टोकाला जुन्या लँडलाइन फोनला असायची तसली पिन, दुसऱ्या टोकाला आरशाच्या कनेक्टरमध्ये खुपसायच्या दोन बारीक पिना. बारा-पंधरा डॉलरचा माल. विकत घेताना एवढं बघा की सगळ्या कंपन्यांच्या डिटेक्टरची पिनांची जुळणी एक नसते, पिन खटकन बसली म्हणजे चालेलच असं नाही.

मला म्हणाल तर मी स्वतःच बसवणार होतो, पण हिवाळा होता, गॅरेजमध्ये बोटं गोठत होती, आणि जवळच्या कार ऑडिओवाल्या दुकानाने एका तासात करून देतो म्हटलं. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही.

आता नीट वाचा, कारण सगळी गंमत इथे आहे. ऑटो-डिमिंग आरशाला ग्राउंड सोडून साधारण तीन प्रकारचा सप्लाय येऊ शकतो. एक, किल्ली लावली की 12 व्होल्ट. दोन, कायम 12 व्होल्ट, गाडी बंद असली तरी. आणि तीन, फक्त रिव्हर्स टाकल्यावर येणारे 12 व्होल्ट, कारण मागे जाताना आरसा काळा राहू नये म्हणून गाडी त्याला कळवते. प्रत्येक गाडीत तिन्ही असतात असं नाही आणि रंगांवर तर मुळीच जाऊ नका. दुकानातल्या मुलाने टेस्ट लाइट लावला, नेमका त्या वेळी गिअर रिव्हर्समध्ये होता म्हणून दिवा लागला, मिळाली वायर, चला. बरं, झालं असेल चुकून, माणूस आहे. पण परत गेलो तर मालक म्हणतो डिटेक्टर खराब आहे, शेकडो गाड्या केल्यात आम्ही. मी तिथेच त्याच्यासमोर रिव्हर्स टाकला, चालू. काढला, बंद. परत टाकला, चालू. तरी म्हणे कन्व्हर्टिबलचं वायरिंग विचित्र असतं. अरे, टप कापडाचा आहे म्हणून इलेक्ट्रॉन काय वेगळे येतात का!

कुरकुरत वायर बदलून दिली. घरी येईपर्यंत मस्त चालू होता. रात्री गॅरेजमधून बीप यायला लागले म्हणून खाली गेलो तर गाडी बंद, किल्ली घरात, आणि डिटेक्टर शेजाऱ्याच्या एसयूव्हीवर भुंकतोय. म्हणजे या वेळी कायम चालू असलेली वायर धरली! पाव अँपिअर खातो असं धरलं तरी दिवसाला 6 अँपिअर-अवर, आणि मियाटाची बॅटरी आधीच छोटी, चाळीस-पंचेचाळीसची धरा, आठवड्यात ती झोपलीच समजा. थंडीत माझी गाडी सलग काही आठवडे हलत नाही. काही मॉडेलना ऑटो-ऑफ असतं, माझ्याला नाही.

तिसऱ्यांदा दुकानात गेलो नाही. घरातला स्वस्तातला मल्टीमीटर काढला, आरशामागचं प्लॅस्टिकचं कव्हर उघडलं. काळा प्रोब ग्राउंडला. किल्ली बंद असताना 12 दाखवते ती कायमची, सोडून द्या. इंजिन न लावता इग्निशन ऑन केल्यावर 12 दाखवते ती हवी. पण खात्री म्हणून हँडब्रेक ओढून, क्लच दाबून गिअर रिव्हर्समध्ये टाकून-काढून बघायचं की आकडा हलत नाही ना. चहा गार व्हायच्या आत झालं काम. दुकानवाल्याने वायरीचं आवरण कापणारी क्लिप मारली होती, ती काढून तिथे नीट टेप केली आणि कनेक्टरच्या मागून पिन सरकवली, म्हणजे उद्या गाडी विकताना ओढली की मोकळी. लाइनमध्ये 2 अँपिअरचा फ्यूज टाकलाय, डिटेक्टरला त्याहून जास्त लागतच नाही.

साधा आरसा असेल त्यांनी फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून वेगळी वायर काढून देणारा जोड) घ्यायचा, इग्निशनबरोबर बंद होणारा फ्यूज शोधून, आणि फ्यूजचा साइज बघूनच टॅप आणायचा, मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो, सगळे एकमेकांसारखे दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा नीट बसेलच असं नाही. वायर काचेच्या बाजूच्या पिलरमधून (खांबातून) वर नेताना, ज्या गाड्यांत तिथे पडदा-एअरबॅग असते त्यात वायर एअरबॅगच्या मागून न्यायची, पुढून नाही. यात आळस करू नका.

आता माउंट. इथे माझं मत पूर्ण उलटं झालंय. आधी कोणी विचारलं असतं तर आरशाच्या दांडीला लावायचा धातूचा ब्रॅकेट म्हणजे पैशांचा माज असं म्हणालो असतो, सत्तर डॉलर एका पट्टीला! सक्शन कप फुकट येतात ना. पण जुलैत उन्हात गाडी उभी राहिली की ते कप मऊ पडतात, आणि टप उघडून हायवेला लागलो की एखाद्या खड्ड्यात सगळं खाली. वळणावर डिटेक्टर पायात, क्लचच्या बाजूला, हे धोक्याचं आहे, गमतीचं नाही. शेवटी ब्रॅकेट घेतला, सेलमध्ये, आणि तेव्हापासून एकदाही पडलेला नाही. घेताना दांडीला पकडणारा घ्या, आरशाच्या अंगाला पकडणारा नको. या गाडीचं सस्पेन्शन कडक, वजन आरशावर आलं की आरसा थरथरतो आणि मागचे हेडलाइट दोनाचे चार दिसतात.

मियाटावाल्यांसाठी अजून एक. टपाचा लॅच काचेच्या वरच्या कडेला बरोबर मध्ये आहे. डिटेक्टर आरशाच्या वर लावला तर टप उघडताना दर वेळी हात त्यावर आपटतो, खाली लावला तर समोरचा रस्ता झाकतो, आधीच काच बुटकी. शिवाय आरशामागे लेनचा कॅमेरा, त्याच्यासमोर काही यायला नको. मी आरशाच्या डावीकडे, किंचित खाली आणलाय. मागच्या अँटेनाला कापडी टपातून लहरी सहज मिळतात, हा एक फायदा धातूच्या छपरवाल्यांना नाही. टप उघडा असताना मात्र ताशी 65 मैलांच्या वर आवाज ऐकू येत नाही आणि उन्हात स्क्रीन दिसत नाही, तेव्हा सगळी भिस्त बाणांवर.

कामाचं थोडक्यात. केए बँड वाजला की गंभीरपणे घ्यायचा, 33.8, 34.7, 35.5 गिगाहर्ट्झच्या आसपास. के बँड म्हणजे बहुतेक वेळा शेजारच्या गाडीचा ब्लाइंड स्पॉट सेन्सर. एक्स बँड बहुतेक राज्यांत लोक बंद ठेवतात, न्यू जर्सीत जुने लोक तो बंद ठेवू देत नाहीत, त्यामुळे ओक ट्री रोडवर भाजी आणायला गेलं की दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे डिटेक्टर वाजवून सगळे नमस्कार करतात. लेझर वाजला की समजायचं, आपला वेग मोजून झालाय.

डेलावेअर नदी ओलांडून न्यू होपच्या बाजूला फिरायला जाता तेव्हा डिटेक्टर गप्प आहे म्हणून सुटलो असं समजू नका. पेन्सिल्व्हेनियात वर्षानुवर्षं रडार फक्त राज्य पोलिसांकडे, गावचे पोलिस रस्त्यावरच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधला वेळ मोजून वेग काढतात. हवेत सिग्नलच नाही तर यंत्र काय पकडणार.

आणि व्हर्जिनिया. गणपतीला मावसभावाकडे फेअरफॅक्सला जातो आम्ही. व्हर्जिनियात आणि वॉशिंग्टन डीसीत डिटेक्टर बेकायदा, शिवाय पोलिसांकडे डिटेक्टर पकडणारे डिटेक्टर. कायद्यातली सूट अशी आहे की यंत्राला करंट नसेल आणि ते ड्रायव्हर किंवा पॅसेंजरच्या हाताला सहज लागण्यासारखं नसेल तर गुन्हा नाही. म्हणजे नुसता बंद करून चालत नाही. वाटेत मेरीलँड हाउसला, हायवेवरच्या थांब्यावर, थांबलो की कॉफीच्या आधी डिटेक्टर ब्रॅकेटमधून सरकवून काढायचा, डिकीत टाकायचा, आणि ती हातभर वायर आरशामागे खोचायची. सॉकेटवाली लांब गुंडाळी डॅशवरून लोंबत राहिली असती, म्हणून आरशातून करंट घेणं इथे खरं पावलं. तिथे तसाही वेग सांभाळलेला बरा, ताशी 85 मैलांच्या वर गेलात की थेट रेकलेस ड्रायव्हिंग, म्हणजे कोर्ट.

पुण्याचा भाचा म्हणतो मामा एक मलाही आण, एक्सप्रेसवेसाठी. त्याला सांगितलं, तिथले कॅमेरे दोन ठिकाणांमधला सरासरी वेग काढतात, हे खोकं तिथे शोभेला, त्यापेक्षा शंभर किलोमीटरच्या आत चालव, घाटात साठ.

डिटेक्टरला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो बॉक्समधल्या सक्शन कपांसाठी. ब्रॅकेटला पाच. बारा डॉलरच्या वायरीला दहा देता आले असते तर दिले असते. दुकानवाल्याने दीडशेच्या बदल्यात स्टोअर क्रेडिट देतो म्हटलंय, मी कार्डवर डिस्प्यूट टाकलाय, सोबत रिव्हर्समध्ये चालू-बंद होणाऱ्या डिटेक्टरचा व्हिडिओ जोडलाय. बँकेचं उत्तर यायचंय.