उतरलेल्या बॅटरीला मेलेली ठरवलं आणि माझे १,३२० रुपये गेले

१,३२० रुपये. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय, कारण ज्याला सांगितलं तो 'हजार-बाराशेचा तर विषय, सोडा' म्हणून मोकळा झाला. हिशोब असा: 'नवी' बॅटरी १,३५०, जुनीचे वजा २००, फिटिंगचे ५०, म्हणजे १,२००. पुढे दोनदा 'चार्ज करून देतो' म्हणत ६०-६० घेतले. आणि जी जुनी दिली ती चांगली होती, हे कळलं तेव्हा जेवण गेलं नाही.

जुन्या बॅटरीवर नवं स्टिकर मारून विकतात हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. घरात मल्टिमीटर आहे, गाडीची वायरिंग स्वतः उघडतो. तरी फसलो. लाज त्याचीच वाटते.

गाडी १२५ सीसी, बॅटरी १२ व्होल्ट ५ एएच (अँपिअर-तास, म्हणजे तिची क्षमता), सीलबंद, अडीच वर्षांची. मे महिना, परभणीचं ४३-४४ अंशांचं ऊन, गाडी पत्र्याखाली नऊ दिवस उभी. सेल्फ मारला की रिले (सेल्फला करंट देणारा स्विच) नुसता टकटक करायचा. मीटरला ११.७ व्होल्ट. इथंच थांबायला हवं होतं. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. एक सेल मेला की भरभरून चार्ज करूनही काटा साडेदहाच्या आसपास अडकतो. ११.७ म्हणजे मेलेली नव्हे, उतरलेली. क्षमतेच्या दहाव्या भागानं, म्हणजे अर्ध्या अँपिअरवर १०-१२ तास चार्ज करायची, चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी मोजायची. १२.५ च्या वर टिकली तर दोष दुसरीकडं आहे. कारचा ५-७ अँपिअरचा चार्जर हिला लावू नका, आतून उकळते आणि पोट फुगतं.

हे सगळं माहीत असून केलं नाही, कारण घरात चार्जर नव्हता आणि मृगाच्या तोंडावर बियाणं-खताची धावपळ होती. गाडी ढकलून सुरू केली आणि तालुक्याला नेली.

दुकानदारानं कॉइलचा लोड टेस्टर, म्हणजे बॅटरीवर मोठा भार टाकून बघायचं यंत्र, लावला. काटा धाडकन लाल पट्ट्यात. "बघा मालक, गेली." अरे, उतरलेल्या बॅटरीवर लोड टाकला तर काटा पडणारच! ही चाचणी आधी पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवरच करायची असते. पडणारा काटा दाखवायचा, म्हणजे गिऱ्हाईक स्वतःच मान डोलावतं. मीही डोलावली.

मग त्यानं आतून नवी आणली. खोका नाही. "खोके गोदामात राहिले." मीटर लावून दाखवला, १२.९. माझं समाधान झालं ते त्या १२.९ नं. आता सांगतो तो आकडा कसा येतो. पाच मिनिटांपूर्वी चार्जरवरून काढलेली कुठलीही बॅटरी थोडा वेळ वाढीव व्होल्टेज दाखवते. वर सीलबंद बॅटरीची पट्टी उचकटून, टोप्या काढून सिरिंजनं अ‍ॅसिड सोडलेलं असतं. अ‍ॅसिड तीव्र झालं की मीटर चढतो, प्लेटा मात्र आतून खाल्ल्या जातात. मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलं तेवढंच सांगतो.

आणि टर्मिनल. हे आठवलं की अजून डोकं फिरतं. शिशाच्या दोन्ही टर्मिनलवर वायरच्या गोल थिंबळाचा, म्हणजे टोकाच्या कडीचा, ठसा होता, स्क्रू आवळल्यावर उमटतो तसा, आणि एका कडेला पान्याचा ओरखडा. न वापरलेल्या बॅटरीला हा ठसा येईल कुठून? मी तो पाहिला. नुसता पाहिला नाही, त्यावर बोट फिरवलं. "हे काय?" विचारलं. "टेस्टिंगला लावतो ना भाऊ." आणि मी गप्प. बाजूला तारखेचा पंच, म्हणजे उत्पादनाच्या तारखेचा ठोकलेला शिक्का, असतो, तिथं प्लास्टिक जरा गुळगुळीत, थिनर फिरवल्यासारखं. तेही दिसलं होतं. मागं चार गिऱ्हाइकं उभी होती, ऊन मी म्हणत होतं, मला भोळा म्हणा नाहीतर मूर्ख.

वॉरंटी कार्डावर शिक्का "उद्या मारू." बिल मागितलं तर "बिलाचे पैसे वेगळे लागतील." कार्ड कोरं असेल तर बॅटरी काउंटरवरच ठेवून निघा. पैसे रोख देऊ नका.

नवव्या दिवशी सेल्फ बंद. त्यानं चार्ज करून दिली, ६० रुपये. पाच दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा ६०. तेव्हा कुठं डोळे उघडले आणि घरी चाचणी केली. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. ५ एएचची चांगली बॅटरी तो दोन तासांच्या आसपास पेटता ठेवते. ही २० मिनिटांत साडेदहावर आली. म्हणजे आत उरलेली क्षमता जेमतेम ०.६ एएच. चार्जिंगलाही दीड तासातच 'फुल' दाखवायची. ज्या बॅटरीच्या प्लेटांवर पांढरा सल्फेट बसलाय ती अशीच पटकन भरते आणि पटकन रिकामी होते.

मग मूळ रोग शोधला. चावी बंद, निगेटिव्ह वायर सोडून ती वायर आणि टर्मिनल यांच्या मधे मीटर अँपिअरवर लावला (हे लावून सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो). २० मिलिअँपिअर वाहत होते! हँडलवरचा मोबाइल चार्जर वायरमननं चावीनंतरच्या लाइनवर न घेता थेट बॅटरीला जोडलेला. ०.०२ अँपिअर गुणिले २४ तास, रोजचे ०.४८ एएच. नऊ दिवसांत ४.३. पाचाची बॅटरी रिकामी व्हायला आणखी काय पाहिजे? वायर चावीनंतरच्या लाइनवर घेतली, रोग संपला. इंजिन चढवून चार्जिंगही मोजलं, १४.२ आलं. १३.८ ते १४.५ बरोबर, १५ च्या वर गेलं तर आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारं रेग्युलेटर-रेक्टिफायर) बॅटरी जाळतंय, आणि चढवूनही १२.५ च्या पुढं जात नसेल तर चार्जिंगच होत नाही. नवी बॅटरी घेण्याआधी हे मोजा, नाहीतर खरी नवीसुद्धा महिन्यात बसेल.

माझी जुनी बॅटरी आता कुणाच्या तरी गाडीत नव्या स्टिकरखाली असेल, १,३५० ला. नियमानं जुनी बॅटरी नोंदणीकृत रिसायकलरकडं जायची असते. म्हणून जुनी देताना तिच्या पंचावर खिळ्यानं रेघ ओढा आणि फोटो ठेवा.

आता तक्रारीचं. दुकानदार म्हणाला, "आमच्याकडचीच कशावरून?" पोलीस ठाण्यात दीड तास बसवून, "बिल आहे का? नाही? मग दिवाणी बाब आहे." अहो, बिल दिलं असतं तर फसवलं कसं असतं? कंपनीचा कॉल सेंटर: हा सिरियल नंबर नोंदीत नाही, विक्रेत्याशी बोला. जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो, साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेलो, अर्ज दोन प्रतींत आणा. प्रती घेऊन गेलो तर हा विषय आमच्याकडं येत नाही, पलीकडच्या खोलीत विचारा. पलीकडच्या खोलीला कुलूप. जायचे-यायचे तीन वेळचे २४० रुपये आणि तीन दिवसांची मजुरी. एकानं तर हसून विचारलं, "एवढ्यासाठी?"

कायदा मात्र स्पष्ट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाकिटबंद मालावर उत्पादनाचा महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापणं बंधनकारक आहे. खरेदीची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पुराव्याला मोबाइलवरचं पेमेंट आणि टर्मिनलचे फोटो लागतात. माझ्याकडं पेमेंट नाही, मी रोख दिले होते.

आता खरी घेतली, १,४९० ला, खोका समोर फोडून, पंच वाचून, शिक्का मारून. टर्मिनल कोरं. बसवताना पॉझिटिव्ह आधी, काढताना निगेटिव्ह आधी, आणि वरून बोटभर व्हॅसलिन. डुप्लिकेट ओसरीवर ठेवलीय. भंगारवाला ९० म्हणतोय. दिली नाही.