व्हॉइसमेलची यादी पीबीएक्समध्ये ठेवायची की अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत?

ऑफिस धरमपेठेत, कारखाना बुटीबोरीला, गोदाम कळमन्यात. नागपुरातल्या अनेक मध्यम कंपन्यांचा पसारा असाच असतो. तिथे व्हॉइसमेलचा विषय निघाला की चर्चा लगेच ब्रँडवर जाते. माझं म्हणणं असं, की आधी एवढंच ठरवा: माणसाचं नाव, एक्स्टेन्शन आणि मेलबॉक्स यांची मूळ नोंद कुठे राहणार? पीबीएक्समध्ये, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत फोनयंत्रणेत, की अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे कॉम्प्युटर लॉगिनसाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या मध्यवर्ती यादीत? नेटवर्कचं निम्मं काम त्यावर अवलंबून आहे.

पहिला मार्ग पीबीएक्सच्या स्वतःच्या यादीचा. अ‍ॅस्टेरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरमध्ये तर एका मेलबॉक्सला एका फाइलमधली एक ओळ पुरते: नंबर, पिन, नाव, ईमेल. डोमेन कंट्रोलर (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) बंद पडला तरी व्हॉइसमेल चालूच राहतो. एकाच छताखाली तीस-चाळीस माणसं असतील तर हाच मार्ग घ्या, उगाच पसारा वाढवू नका. याचं दुखणं माणूस नोकरी सोडतो तेव्हा कळतं. त्याचं कॉम्प्युटरचं लॉगिन त्याच दिवशी बंद होतं, मेलबॉक्स मात्र तसाच राहतो आणि ग्राहकाची ऑर्डर त्यात न ऐकलेली पडून राहते.

दुसरा मार्ग अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला जोडण्याचा. इथे दोन प्रकार आहेत आणि विकणारे बहुधा दोन्ही एकाच नावाने विकतात. एका प्रकारात सिस्टीम ठरावीक वेळाने यादीची प्रत उतरवून घेते. सिस्कोचं युनिटी कनेक्शन हे व्हॉइसमेल सॉफ्टवेअर असंच चालतं, फोनवरचा पिनही स्वतःकडेच ठेवतं. दुसऱ्यात ती दर वेळी थेट डिरेक्टरीला विचारते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या ईमेल सर्व्हरमधली व्हॉइसमेलची सोय, युनिफाइड मेसेजिंग, अशी होती. एक्स्चेंज २०१९ मधून ती काढून टाकलीय, त्यामुळे जुन्या आराखड्यावरून कोणी कोटेशन देत असेल तर तिथेच थांबवा. थेट विचारणाऱ्या सिस्टीमला डोमेन कंट्रोलर जवळ लागतो, आणि जवळचा कोणता हे ती डीएनएस (नेटवर्कमधली नाव-पत्त्यांची यादी) आणि साइट-सबनेटच्या नोंदींवरून (कोणता सबनेट, म्हणजे नेटवर्क पत्त्यांचा गट, कोणत्या ठिकाणचा) ओळखते. बुटीबोरीचा सबनेट साइटला जोडायचा राहिला, तर कारखान्यात कंट्रोलर असूनही चौकशी धरमपेठेला जाऊ शकते. नाव शोधायला वेळ लागतो आणि दोष फोनला दिला जातो.

नावांवरून एक महत्त्वाची गोष्ट. फोनची बटणं दाबून नाव शोधायची सोय बटणांवरच्या रोमन अक्षरांवर, म्हणजे स्पेलिंगवर चालते. वानखेडे डब्ल्यूने लिहिलं तर पहिलं बटण ९, व्हीने लिहिलं तर ८. चौधरीत ‘सीएचए’ असेल तर २४२, ‘सीएचओ’ असेल तर २४६. डिरेक्टरी जोडली की पगारपत्रकासाठी कोणी कधीतरी टाकलेलं स्पेलिंगच ग्राहकापुढे येतं. म्हणून जोडण्याआधी एचआरसोबत बसून यादी साफ करा. पीबीएक्सच्या यादीत मात्र ते तुमच्या हातात असतं.

ठिकाणांना जोडणाऱ्या लाइनचा हिशेब सोपा आहे. जी.७११ आणि जी.७२९ या आवाज डिजिटल करून पाठवायच्या दोन पद्धती. जी.७११ चा एक कॉल आयपीवर एका दिशेने सुमारे ८० केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) घेतो, जी.७२९ सुमारे २४. एक मिनिटाचा निरोप जी.७११ मध्ये साधारण ४८० केबी (किलोबाइट) भरतो, म्हणजे डिस्कची चिंता नको. जी.७२९ ने लाइन वाचते, पण बटणांचा आवाज त्यात बिघडतो: चार आकडी पिन दाबला आणि सिस्टीमला तीनच आकडे मिळाले, असं होतं. बटणं आरएफसी ४७३३ या मानक पद्धतीने आवाजापासून वेगळी पाठवायची, ही अट कोटेशनमध्येच लिहून घ्या.

दोन-तीन ठिकाणं आणि माणसांची ये-जा असेल, तर मी प्रत उतरवणारा प्रकारच सुचवीन. नोंद एकाच जागी राहते आणि डिरेक्टरीशी संपर्क तुटला तरी निरोप अडत नाहीत. सर्व्हर मात्र जिथे जनरेटरवर एसीसुद्धा चालतो तिथेच ठेवा; मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत बंद खोलीतलं यंत्र फार वेळ तग धरत नाही.

शेवटचा हप्ता देण्याआधी भर दुपारी, सगळ्यांना सांगून, बुटीबोरीच्या लाइनची केबल काढायला लावा. मग कारखान्यातल्या फोनवरून मेलबॉक्स उघडतो का, बाहेरचा कॉल कुठे जातो आणि लाइन परत आल्यावर मेसेजचा दिवा लागतो का, हे समोर उभं राहून पाहा.