म्हापसा, फोंडा की मडगाव? गोव्यात घर घेण्याआधी

पुण्या-कोल्हापूरकडून गोव्यात कायमचं यायचं ठरवलेली मंडळी नकाशावर पहिल्यांदा समुद्र किती लांब ते बघतात. बारा महिने राहायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी बघा. किनाऱ्याकडच्या आसगाव-शिवोलीचे भाव सुट्टीपुरतं घर घेणाऱ्यांनी कुठल्या कुठे नेऊन ठेवलेत, आणि पावसात तिथे कुलूपबंद बंगल्यांचा शेजार मिळतो. पणजी परवडत असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. मुलं शाळेत, आईवडील सोबत, नोकरी चालू, अशा घरासाठी खरी निवड उरते ती तीन गावांत.

म्हापसा सोयीचं. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यावर तर जास्तच. रेल्वेला थिवी जवळ, जिल्हा रुग्णालय गावातच पेडेला, आणि बांदा-सावंतवाडीकडे जायला सरळ महामार्ग. सिंधुदुर्गात ज्यांचं मूळ घर आहे त्यांनी फार डोकं खाजवू नये, इथेच घ्यावं. शुक्रवारच्या बाजारात हरमलच्या मिरच्या, मयड्याची केळी, सोलं सगळं एका फेरीत मिळतं. मात्र त्या दिवशी गाडी घेऊन बाजारात शिरू नये. अडचण पाण्याची. म्हापसा ज्या तालुक्यात येतं त्या बार्देशला पाणी अस्नोड्याच्या प्रकल्पातून येतं, त्या प्रकल्पाची मदार बरीचशी तिळारी धरणाच्या कालव्यावर, आणि कालव्याला कुठे भगदाड पडलं की नळ कोरडे. फ्लॅट बघताना टाइल्सचं कौतुक नंतर करा, आधी इमारतीखालची टाकी किती मोठी आहे आणि विहीर आहे का ते विचारा.

फोंड्याची गोष्ट वेगळी. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी ही सगळी देवळं याच तालुक्यात, आणि मराठी इथे बाहेरून आलेली नाही. देवळातलं भजन-कीर्तन मराठीत, जत्रेला नाटक मराठी, राजीव गांधी कला मंदिरात स्पर्धेची नाटकं बघायला गर्दी. सोबत येणाऱ्या आईवडिलांना करमेल का, या प्रश्नाचं उत्तर तिघांत फोंडाच सगळ्यात चांगलं देतं. पाण्याचा ओपा प्रकल्प तालुक्यातच, खांडेपार नदीवर. फर्मागुढीला इंजिनिअरिंग कॉलेज, कुंडईला औद्योगिक वसाहत.

पण रेल्वे नाही. गाडी धरायची तर करमळी किंवा मडगाव गाठा. पणजी साधारण ३० किलोमीटर, रोज जाणाऱ्याला ते जाणवतं. तिस्क चौकातली संध्याकाळची कोंडी आहेच. आणि पाऊस! डोंगराच्या पायथ्याचं गाव, तेव्हा ओल बेताची नसते. दलाल घर दाखवतात मार्चमध्ये, नवा रंग देऊन. तुम्ही जुलैत जा. पश्चिमेकडची भिंत हाताने चाचपून बघा, कपाट पुढे ओढून मागे बुरशी धरलीय का बघा. जुन्या चिऱ्याच्या घरात तर हे चुकवूच नये. एवढं करून गाव पसंत पडलं तर कुर्टी, ढवळी, बांदोडा या बाजूला बघा. माझं मत फोंड्यालाच.

मडगाव मोठं, व्यापारी, धडपड्या माणसाचं. कोकण कन्या, मांडवी इथूनच सुटतात, आणि पुणे-मिरज-बेळगाववाल्यांना गोवा एक्सप्रेस आहे. पाणी साळावली धरणाचं. दक्षिणेचं जिल्हा रुग्णालय गावातच. व्यवहार मात्र कोंकणीतून, त्यामुळे पहिलं वर्ष कानाला सवय करण्यात जाईल. फातोर्ड्याकडे घर घेणाऱ्याने सोनसोड्याचा कचरा डेपो किती लांब आणि वारा कुठून, एवढं नक्की बघावं.

गाव कुठलंही निवडा, कागद सारखेच तपासायचे, आणि इथे महाराष्ट्रातल्या सवयी उपयोगी पडत नाहीत. सातबारा नाही, त्या जागी नमुना १ व १४ चा उतारा. त्यात कब्जेदाराइतकंच कुळाच्या आणि इतर हक्कांच्या रकान्याकडे लक्ष द्या. जुन्या घराच्या आवारात मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहिलेला माणूस, राहत असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, मालक काहीही सांगो. गोव्याच्या समान नागरी कायद्यामुळे विवाहित विक्रेत्याच्या जोडीदाराचीही सही लागते, आणि वडिलोपार्जित घर असेल तर सगळ्या वारसांची. त्यातला एक लिस्बनला, दुसरा लंडनला असतो. प्लॉट घेताय तर सनद, म्हणजे जमीन बिगरशेती झाल्याचा सरकारी कागद, मागा. ‘शेतजमीन आहे, नंतर बदलून घेऊ’ म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. २०२३ च्या कायद्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आहेत. आणि हे सगळं विक्रेत्याच्या नव्हे, स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या, टोकन देण्याआधी.