भूलतज्ज्ञांची पूर्वतपासणी : रत्नागिरीतील एका खासगी रुग्णालयाचा अनुभव

आईला जुना मधुमेह आणि दमा असताना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा येथील भूलतज्ज्ञ विभागाने तिची जी तयारी करून घेतली, तिच्याविषयी मनापासून लिहावेसे वाटते. डॉक्टर बाईंनी गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली, एकेक पाकीट उजेडात धरून वाचले आणि डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी शस्त्रक्रियेच्या किमान 3 दिवस आधी बंद करायला सांगितले, कारण उपाशीपोटी त्या गोळीमुळे, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तात घातक आम्ल साचू शकते. दम्याचा पंप मात्र शस्त्रक्रियेच्या सकाळीही घ्यायचा होता. "आजी, श्वासाच्या व्यायामाचे हे तीन चेंडूंचे यंत्र फुंकायचे नाही, श्वास आत ओढायचा," असे सांगून त्यांनी ते आईकडून पुन्हा पुन्हा करवून घेतले. बसायला जागा अपुरी आहे आणि देवगडहून पहाटे निघालेल्या रुग्णांनाही दुपारपर्यंत ताटकळावे लागते, हे बदलायलाच हवे. तरीही कर्करोगाच्या धास्तीत जुन्या दुखण्यांकडे इतक्या बारकाईने पाहणारा विभाग जिल्ह्यातच आहे, याचे मोल मोठे वाटते. जाताना सगळी औषधे, जुने रिपोर्ट आणि गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीएवनसीचा अहवाल सोबत न्यावा.