साठीनंतरची बैठक: सतरंजी, खुर्ची की सोफा?

निवड बसण्यावरून नको, उठण्यावरून करा. उतारवयात संडासला एकट्याने जाता येतं का, पडल्यावर आपलं आपण उठता येतं का, हे मांडीच्या ताकदीवर ठरतं.

सतरंजी. मांडी घालताना खुबा बाहेर वळतो, गुडघा पुरता दुमडतो आणि उठताना अंगाचं वजन पायांवर पेलावं लागतं. ब्राझीलचे डॉ. क्लाउडिओ अराउजो यांची चाचणी यावरच बेतलेली आहे: खाली बसून उठण्याचे 10 गुण, हात किंवा गुडघा टेकला की दर वेळी एक वजा, तोल गेला तर अर्धा. 2012 च्या त्यांच्या अभ्यासात कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून खाली बसल्याने आयुष्य वाढतं असं नाही. आजारी माणसाला गुण कमी पडणारच.

बुडाखाली 8-10 सेंमी जाडीची चादरीची घडी घ्या, पाठीला पोक येत नाही. पायांची अदलाबदल करा. तासभर तसंच बसलं तर गुडघ्याच्या बाहेरची नस दबून पाऊल बधिर होतं आणि उठताच माणूस कोलमडतो.

उठायचं असं: कुशीला वळा, रांगायच्या स्थितीत या, कॉटची कड धरा, बळकट पायाचं पाऊल पुढे टेकवा, मग उभे राहा. प्लास्टिकची खुर्ची धरू नका, ती सरकते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर क्षणभर थांबून मगच चाला.

खुर्ची. गुडघे फार दुखत असतील तर हीच. खुबा किंवा गुडघा बदललेला असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय खाली बसूच नये. बदललेला खुबा निखळू शकतो. उंची 43-45 सेंमी, टाचा जमिनीला टेकलेल्या. हात असलेली घ्या, पण दर वेळी त्यांवर जोर दिला की मांड्या आळशी होतात. खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीशी घेऊन 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तरीत पुरुषांचे 12 आणि बायकांचे 10 पेक्षा कमी भरले, तर पडण्याचा धोका वाढलाय असं धरतात.

सोफा. तिन्हींत वाईट. बूड खोल जातं, गुडघे खुब्याच्या वर येतात, पावलं मागे घेता येत नाहीत. घरातून काढायचा नसेल तर गादीखाली प्लायवूडची फळी टाका.